थेरपिस्ट-पेशंट नात्यातल्या मर्यादा

थेरपिस्टने पेशंटशी लैंगिक संबंध ठेवायचे नाहीत हा मूळ नियम, आणि त्याच्याभोवती वेळ, जागा, फी, गिफ्ट, स्पर्श, मेसेज वगैरेंचे छोटे नियम.

नियम कितपत जुना यावर मतं वेगळी आहेत. बरेच जण थेट प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या शपथेपर्यंत जातात, तिच्यात रुग्णाच्या घरी गेलेल्या वैद्याने बाई असो की पुरुष, स्वतंत्र असो की गुलाम, कुणाशीही संबंध ठेवू नये असं स्पष्टच आहे. पण शपथ हिपोक्रेटिसचीच का हे नक्की नाही. वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यासक लुडविग एडेलस्टाइनने १९४३ मध्ये ती पायथागोरसपंथीयांची, साधारण इ.स.पू. चौथ्या शतकातली असावी असं मांडलं, ते पुढच्या अभ्यासकांपैकी अनेकांना पटलेलं नाही. काही असो, आजचा नियम ज्या कारणावर उभा आहे, म्हणजे पेशंटच्या भावना उपचारातूनच तयार होतात म्हणून तिचा होकार हा नेहमीसारखा होकार धरता येत नाही, ते शपथेत नाहीच. ते मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्याकडून आलं असं मानणं जास्त बरोबर वाटतं.

तिथेही गंमत आहे. सबिना स्पिलराइन १९०४ मध्ये, १८ वर्षांची असताना, झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली हॉस्पिटलात युंग या डॉक्टरची (पुढे फ्रॉइडचा सहकारी झाला) पेशंट होती, पुढे दोघं गुंतले (शारीरिक किती यावर १९७७ मध्ये जिनिव्हात तिची कागदपत्रं सापडल्यापासून वाद चालूच आहे). प्रकरण अंगाशी आल्यावर जून १९०९ च्या पत्रात फ्रॉइडने धीर दिला तो युंगला, आणि त्याच पत्रात 'प्रतिसंक्रमण' (पेशंटबद्दल थेरपिस्टच्या मनात उपचारातून उठणाऱ्या भावना) हा शब्द पहिल्यांदा येतो. म्हणजे संकल्पना जन्मली ती डॉक्टरला सांभाळायला. पेशंटशी संयम पाळायचा हे फ्रॉइडने १९१५ च्या लेखात नीट लिहिलं.

पेशंटची बाजू कोर्टातून आली. न्यूयॉर्कमध्ये १९७५ साली एका बाईने सायकियाट्रिस्टविरुद्धचा दावा जिंकला, त्याने संबंध हाच उपचार म्हणून सांगितला होता. अमेरिकेतल्या १९७७ च्या एका सर्व्हेत ५.५ टक्के पुरुष आणि ०.६ टक्के बायका सायकॉलॉजिस्टनी पेशंटशी संभोग झाल्याचं स्वतः कबूल केलं, कबूल न करणारे यात अर्थातच नाहीत. विस्कॉन्सिन, मिनेसोटाने १९८० च्या दशकात आणि जर्मनीने १९९८ मध्ये हा फौजदारी गुन्हा केला.

गुथाइल आणि गॅबर्ड या अमेरिकन सायकियाट्रिस्टनी १९९३ मध्ये मर्यादा ओलांडणं (पेशंटचं नुकसान न करणारं) आणि मर्यादाभंग (नुकसान करणारा) असा फरक केला. धडपडलेल्या पेशंटला हात देऊन उठवलं तर ते पहिल्यात. पण तिची अपॉइंटमेंट दिवसातली शेवटची होते, ५० मिनिटांचे दीड तास होतात, फी राहू दे म्हटलं जातं, मग थेरपिस्टच स्वतःच्या मोडत्या लग्नाबद्दल बोलायला लागतो आणि पेशंट त्याची समजूत काढते, तेव्हा अजून कुणी कुणाला हात लावलेला नसला तरी खुर्च्यांची अदलाबदल झालेली असते.

उपचार संपल्यावर काय, यावर एकमत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिस्टच्या संघटनेने १९९२ मध्ये किमान २ वर्षं थांबा, नंतरही फक्त अगदी अपवाद म्हणून, असं ठरवलं, तर तिथल्याच सायकियाट्रिस्टच्या संघटनेने १९९३ मध्ये माजी पेशंटशीही कधीच नाही असं सांगितलं.