केसांच्या रबराची पट्टी आणि एमआरआयमधला काळा डाग

मेंदूचा एमआरआय चालू आहे आणि स्क्रीनवर कानामागे लिंबाएवढा काळाकुट्ट डाग, कडेला पांढरीशुभ्र चंद्रकोर. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. पण अनुभवी टेक्निशियन आधी पेशंटचे केस चाचपतो, आणि निघतं काय तर साधं केसांचं रबर, ज्याचा जोड धातूच्या 3-4 मिलिमीटरच्या पट्टीने दाबून बसवलेला असतो. रबर काढलं, परत स्कॅन केलं की डाग गायब.

एवढ्याशा पट्टीने एवढा डाग कसा काय पडतो? एमआरआय म्हणजे फोटो नाही हो, मशीन शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनचा सिग्नल पकडतं, 1.5 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीनमध्ये साधारण 64 मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीला, आणि मुद्दाम एका टोकाला चुंबकक्षेत्र किंचित जास्त, दुसऱ्या टोकाला किंचित कमी ठेवतं, म्हणजे जागेप्रमाणे फ्रिक्वेन्सी बदलते आणि तिच्यावरून सिग्नलचा पत्ता कळतो. आता शरीरातलं पाणी या क्षेत्राला जेमतेम दहा लाखात 9 भाग विरोध करतं, टायटॅनियम उलट त्याला साधारण 180 भाग साथ देतं, आणि स्टीलची ती पट्टी तर तिथे स्वतःच चुंबक होऊन बसते. तिचं क्षेत्र आजूबाजूला पसरतं, तिथल्या हायड्रोजनची फ्रिक्वेन्सी बदलते आणि मशीन त्यांना भलत्याच पत्त्यावर टाकतं. जिथून सिग्नल हलला तिथे काळं, जिथे ढीग झाला तिथे पांढरं. शिवाय बऱ्याच ठिकाणी सिग्नल एकमेकांना मारून टाकतात, तिथेही काळंच. स्पिन एको नावाच्या स्कॅनच्या पद्धतीत हे मारून टाकणं बरंचसं परत सावरता येतं, ग्रेडियंट एको नावाच्या दुसऱ्या पद्धतीत नाही, आणि 3 टेस्लाला त्रास अजून वाढतो.

मस्कारा, आयलायनरमधल्या आयर्न ऑक्साइडनेही डोळ्यांचं चित्र बिघडतं. मणक्याच्या ऑपरेशनमध्ये ड्रिलचे कण मागे राहतात, एक्सरेत दिसतसुद्धा नाहीत, एमआरआयमध्ये मात्र ठळक दिसतात. म्हणून तपासणीआधी मेकअप, पिना, जुनं ऑपरेशन, सगळं सांगाच, लाजू नका.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की हाच बिघाड डॉक्टर मुद्दाम वापरतात. मेंदूत बारीकसा जुना रक्तस्राव झाला असेल तर रक्तातलं लोह तिथे साठून राहतं, आणि एसडब्ल्यूआय नावाच्या स्कॅनमध्ये तो ठिपका खऱ्या आकारापेक्षा मोठा उमटतो, म्हणूनच तर सापडतो. रेडिओलॉजिस्ट हे ठिपके किती आणि कुठे ते नीट बघतात, साइजवर मात्र फारसा भरवसा ठेवत नाहीत.