अल्फा नायक आणि खरा लांडगा

रूप बदलून लांडगा होणाऱ्या नायकांच्या प्रेमकथा ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हा प्रसंग चांगलाच ओळखीचा असेल. भरल्या खोलीत नायिका पाऊल टाकते, तिचा वास येताच नायकाचं अंग ताठ होतं, डोळ्यांचा रंग पालटतो आणि त्याच्या आत दडलेला लांडगा सांगून मोकळा होतो, की हीच आपली. पुढची तीनशे पानं दोघं कितीही भांडोत, निकाल वाचकाला ठाऊक असतो. या कथांना नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्या मनापासून आवडतात. त्या का भुरळ घालतात हे शोधायला गेलं, की वाट थेट प्राणिशास्त्रात जाते.

या नायकाला बहुतेक वेळा ‘अल्फा’ म्हणतात. अल्फा म्हणजे लढून म्होरकेपद मिळवलेला आणि सगळ्यांना धाकात ठेवणारा नर. ही कल्पना कादंबरीकारांच्या डोक्यातून निघालेली नाही, ती त्यांना विज्ञानाने पुरवली. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात लांडग्यांचं बारकाईने निरीक्षण केलं आणि १९४७ साली ते प्रसिद्ध केलं. जेमतेम १० बाय २० मीटरच्या आवारात दहापर्यंत लांडगे कोंडलेले होते. तिथे शेंकेल यांना दिसली ती वरच्या जागेसाठीची सततची चढाओढ, गुरगुरणं, दबणं आणि दाबणं. पुढे अमेरिकेचे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९७० साली लांडग्यांवर मोठं पुस्तक लिहिलं आणि त्यातून ‘अल्फा’ घरोघरी पोचला. कोंडलेल्या जनावरांवरून काढलेला निष्कर्ष रानातल्या लांडग्यांवर लादला गेला होता, पण तेव्हा तो कुणाला खटकला नाही.

खटकला तो खुद्द डेव्हिड मीच यांनाच, आणि या साऱ्या हकिकतीत मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो याच गोष्टीचा. कॅनडाच्या अगदी उत्तरेला एल्समिअर नावाचं बेट आहे. तिथल्या पांढऱ्या लांडग्यांना माणसाचं भय फारसं नाही. १९८६पासून डेव्हिड मीच दर उन्हाळ्यात तिथे जाऊन अगदी जवळून त्यांना पाहत राहिले. शिकारीवरून लांडगा परतला की पिल्लं त्याच्याकडे धाव घेतात, उड्या मारून त्याचा जबडा चाटतात, त्याला थुंकीने माखून टाकतात, आणि मग तो पोटात भरून आणलेलं मांस त्यांच्यापुढे ओकतो. पिल्लं लहान असताना मादी बिळाजवळ थांबते आणि नर तिच्यासाठीही अन्न आणतो. तेरा उन्हाळ्यांत म्होरकेपदासाठी झालेली एकही झुंज आपण पाहिली नाही, असं डेव्हिड मीच यांनी १९९९च्या शोधनिबंधात नोंदवलं. ज्याला कळप म्हणत होतो तो मुळात आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची लेकरं असा संसार असतो. पोरं मोठी झाली की घर सोडतात, जोडीदार शोधतात आणि आपला संसार थाटतात. म्होरक्या व्हायला कुणाला हरवावं लागत नाही, आईबाप व्हावं लागतं. आपल्या जुन्या पुस्तकाची छपाई थांबवा, असं डेव्हिड मीच प्रकाशकांना वर्षानुवर्षं सांगत राहिले. अखेर २०२२ साली ती थांबली.

आपल्याकडे पुणे-सोलापूरच्या माळरानांवर फिरणारा लांडगाही असाच छोट्या कुटुंबात राहतो. अंगाने तो सडपातळ, साधारण वीस किलोंचा असतो. कादंबरीतल्या घोड्याएवढ्या श्वापदाशी त्याचं काही साम्य नाही.

म्हणजे नायकाची दादागिरी जीवशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. त्याची निष्ठा मात्र उतरते. प्राणिशास्त्रज्ञ डीटर लुकास आणि टिम क्लटन-ब्रॉक यांनी २०१३ साली सस्तन प्राण्यांच्या सुमारे २,५०० जातींचा आढावा घेतला, तेव्हा जोडीने राहणाऱ्या जाती नऊ टक्क्यांच्या आसपास भरल्या. लांडगा या मोजक्यांतला आहे. जोडी बहुधा एकातला एक मरेपर्यंत टिकते, मात्र जोडीदार गेल्यावर उरलेला दुसरा शोधतो. जन्मोजन्मीचा एकच जोडीदार ही भर लेखकांची.

आणि वासाचं काय? स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये जीवशास्त्रज्ञ क्लाउस वेडेकिंड यांनी १९९५ साली ४४ पुरुषांना दोन रात्री एकच टी-शर्ट घालून झोपायला लावलं आणि ते शर्ट ४९ स्त्रियांना हुंगायला दिले. प्रतिकारशक्तीची काही जनुकं ज्यांची आपल्याहून वेगळी, त्यांचा वास स्त्रियांना अधिक आवडला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत कल उलटा दिसला. नंतरच्या प्रयोगांनी या निष्कर्षाला एकमताने दुजोरा दिलेला नाही, त्यामुळे वासावरून जन्माचा जोडीदार सापडतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. तरीही कथेत वासाचं काम मोठं आहे. माणूस गोड बोलून फसवू शकतो, पण नाक, कान आणि अंगावरचे केस खोटं बोलत नाहीत. लांडगा झालेल्या नायकाला आपली ओढ लपवताच येत नाही, आणि माझ्या मते या कथांचं खरं आकर्षण इथेच आहे. समोरच्याच्या मनात काय आहे, या प्रेमातल्या सर्वांत छळणाऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे शरीरच देऊन टाकतं.

पण समोर चार पायांचं जनावर उभं असताना ‘हा तोच’ असं आपण सहज कसं मानतो? मानसशास्त्रज्ञ फ्रँक काइल यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवतो. मुलांना त्यांनी एक गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी एका रॅकूनला, म्हणजे अमेरिकेतल्या एका छोट्या रानटी प्राण्याला, काळं रंगवलं, पाठीवर पांढरा पट्टा ओढला, अंगात घाण वासाची पिशवी बसवली, आणि तो घाण वास सोडणाऱ्या स्कंक या प्राण्यासारखा हुबेहूब दिसू लागला. आता तो कोण? बालवाडीच्या वयाची बहुतेक मुलं म्हणाली, स्कंक. चौथीच्या वयाची मुलं मात्र ठाम होती, की तो रॅकूनच. रूप पालटलं तरी आतलं काहीतरी तेच राहतं, ही समजूत आपल्यात इतक्या लवकर मुरते. रूपांतराची प्रत्येक कथा याच समजुतीवर उभी असते.

महाभारतातली हिडिंबा घ्या. लाक्षागृहातून निसटलेले पांडव रानात झोपले आहेत, भीम एकटा जागा आहे, आणि भावाने त्यांना मारून आणायला पाठवलेली ही राक्षसी भीमाला पाहून प्रेमात पडते. हवं ते रूप घेण्याची शक्ती तिच्यात आहे, ती सुंदर स्त्री होऊन पुढे येते. पण रूप बदललं तरी ती खोटं बोलत नाही. मला कुणी, कशासाठी पाठवलं आणि आता मला काय हवं आहे, हे ती पहिल्याच भेटीत सांगून टाकते. पुढे मुलगा होईपर्यंतच्या मुदतीचा संसार ठरतो. दिवसभर भीम तिच्यासोबत आणि रात्री परत भावांजवळ.

अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेच्या व्याख्येनुसार अशा कादंबरीचा शेवट समाधान देणारा आणि आशावादी असावा लागतो. या हमीमुळेच दात आणि नखं असलेला नायक वाचकाला सुखाने झेपतो, भीती चाखायला मिळते आणि अंगाशी येत नाही. हिडिंबेच्या वाट्याला मात्र घटोत्कच आला आणि संसार संपला. तिची गोष्ट कुणी या हमीसकट, तिच्या बाजूने लिहिली तर मी ती पहिल्याच दिवशी विकत घेईन.