गर्दीतला टाळकरी आणि जेटीवरचा पिवळा दिवा

जून-जुलै म्हणजे मासेमारी बंदीचे दिवस. गोव्यात मांडवीकाठच्या जेटीवर ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे असतात आणि वीज दिवसातून एकदा तरी जाते. नशीब बरं असेल तर दोन मिनिटांत परतही येते. घरातले दिवे लगेच लागतात, पण जेटीवरचा जुना सोडियमचा दिवा रुसून बसतो. निवल्याशिवाय तो पेटतच नाही. पेटला की आधी गुलाबीसर मिणमिणतो, मग हळदीसारखा निव्वळ पिवळा होतो. या वेळी लाल पट्ट्याची होडी करडी दिसते. चार-पाच मिनिटांनी त्या पिवळ्यात सोनेरी झाक येते आणि होडीचा पट्टा हळूहळू लाल होऊ लागतो. दिव्यात बाहेरून काहीच घातलेलं नाही. मग हा लाल आला कुठून?

दिव्याच्या आत बोटाएवढी एक नळी असते. तापलेलं सोडियम साधी काच खाऊन टाकतं, म्हणून ती अल्युमिना या सिरॅमिकची करतात. आत सोडियम, पारा आणि थोडा झेनॉन वायू. सुरुवातीला सोडियमची वाफ विरळ असते. असा मोकळा अणू दोनच ठरावीक तरंगलांबींचा पिवळा प्रकाश देतो, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. बी.एस्सी.ला न्यूटनच्या कड्या मोजताना डोळे शिणवले असतील, तर त्या टेबलावरचा दिवा याच अवस्थेत कायमचा थांबलेला असतो. जेटीवरची नळी मात्र तापत जाते, वाफ दाटते आणि अणू अणूंवर आदळू लागतात. दिवा गेल्यावर पुन्हा चटकन पेटत नाही तोही याच दाटीमुळे. एवढ्या वाफेतून ठिणगी पार होत नाही.

आदळण्याने रंग का बदलावा, हे समजायला वास्कोला जाऊ. श्रावणात तिथे दामोदराचा भजनी सप्ताह असतो, चोवीस तास अखंड भजन आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. समजा, त्या गर्दीतल्या एका टाळकऱ्याची लय तुम्हाला नेमकी मोजायची आहे. तो सलग हजार ठोके देईल तर घड्याळ लावून सहज मोजाल. पण दर दहाव्या ठोक्याला कुणाचा तरी खांदा लागतो आणि पुढचा ठोका कधी अलीकडे, कधी पलीकडे पडतो. टाळ थांबलेला नाही, मनातली लयही तीच आहे. तुमच्या हाती मात्र सलग असे दहाच ठोके येतात, आणि दहा ठोक्यांवरून काढलेली लय ढोबळच निघणार.

सोडियमच्या अणूला कुणी धक्का दिला नाही, तर प्रकाश देऊन शांत व्हायला तो सरासरी १६ नॅनोसेकंद घेतो. तेवढ्यात त्याच्या प्रकाशलहरीचे ८० लाखांच्या आसपास ठोके, म्हणजे कंपनं, होतात. म्हणून ५०९ लाख कोटी हर्ट्झच्या त्याच्या वारंवारतेत अनिश्चितता असते ती साधारण १ कोटी हर्ट्झची. वर्णपटात, म्हणजे रंगांच्या पट्ट्यात, असा प्रकाश रेषेसारखा दिसतो; पण एवढी बारीक रेषा प्रत्यक्षात सहजी दिसत नाही, कारण अणू धावत असतात. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी चढी ऐकू येते तसा हा डॉप्लर परिणाम, आणि रेषा शंभरपटींहून जास्त फुगते. त्यात धक्क्यांची भर पडली की ठोक्यांची साखळी अधिकच तुटते. हे गणित भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झने १९०६ मध्ये मांडलं: गर्दी दुप्पट, तर धक्क्यांनी आलेली रुंदीही दुप्पट. जेटीवरच्या दिव्यात ती इतकी वाढते की पिवळ्याच्या दोन्ही बाजूंना, हिरव्याकडे आणि लालकडे, प्रकाश सांडतो. होडीचा पट्टा लाल दिसतो तो या सांडलेल्या प्रकाशामुळे.

जुनी सीडी मिळाली तर एक गंमत करून बघा. खोक्याला ब्लेडने बारीक फट पाडा, त्यातून आलेला दिव्याचा प्रकाश सीडीवर तिरका घ्या. सोडियमचा खास पिवळा जिथे सर्वांत झगझगीत असायला हवा, नेमकी तिथेच काळी पट्टी दिसते! आतल्या तप्त वाफेचा तो प्रकाश नळीच्या कडेची थंड वाफ गिळून टाकते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सीडी खराब आहे असंच वाटलं होतं.

धक्का रेषेला नुसतं पसरवत नाही, सरकवतोही. टाळकऱ्याला लागणारा प्रत्येक खांदा त्याला थोडा मागेच पाडत असेल, तर मोजणाऱ्याला लयच मंद वाटेल. १९३४ मध्ये रोममध्ये अमाल्दी आणि सेग्रे या भौतिकशास्त्रज्ञांनी सोडियम-पोटॅशियमसारख्या धातूंच्या वाफेत दुसरे वायू मिसळले. काही वायूंनी रेषा लालकडे सरकल्या, काहींनी जांभळ्याकडे. दाब तोच असताना दिशा उलटी! त्यांचा सहकारी फर्मीने याचं कोडं सोडवलं: खूप ऊर्जा मिळालेल्या अणूंतला बाहेरचा इलेक्ट्रॉन इतका दूर फिरतो की त्याच्या कक्षेच्या पोटातच परक्या वायूचे हजारो अणू असतात, आणि संथ इलेक्ट्रॉनला ते कसे विखुरतात यावर सरकण्याची दिशा ठरते. त्याच वर्षी हा माणूस संथ न्यूट्रॉनचाही शोध लावत होता. कामाचा उरक म्हणतात तो हा.

आता खरी उलटी गोष्ट. भौतिकशास्त्रज्ञ डिकीने १९५३ मध्ये दाखवलं की धक्के रेषा बारीकही करू शकतात. टाळकरी इकडून तिकडे धावत असेल तर त्याची लय डॉप्लरमुळे चढी-उतरी वाटेल. पण गर्दीत असा अडकला की पावलापुरतंच मागे-पुढे होतोय, तर हा चढ-उतार आपोआप फिटतो. अट एकच, धक्क्याने त्याचा ठोका चुकता कामा नये. रुबिडियमच्या अणुघड्याळात ही अट जुळते. तिथला ठोका सेकंदाला सुमारे ६८३ कोटींचा, आणि तो अणूच्या आतल्या चुंबकी जुळणीतून येतो. सोबत भरलेल्या नायट्रोजनच्या धक्क्याने ती जुळणी जवळजवळ हलत नाही. डॉप्लरने ९ हजार हर्ट्झपर्यंत पसरली असती ती रेषा काही शे हर्ट्झवर येते. थोडं सरकणं उरतंच. पण नायट्रोजन वारंवारता वर नेतो आणि आर्गॉन खाली, म्हणून दोन्ही मापून मिसळतात, इतके की तापमान बदललं तरी घड्याळ फारसं हलू नये.

२०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या आपल्या, जागा दाखवणाऱ्या उपग्रहात भारतात तयार झालेलं रुबिडियम घड्याळ आहे. अशा घड्याळात एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३० सेंटिमीटरची चूक. १ ऑगस्टला बंदी उठते. पहाटेच्या अंधारात तांडेल जेटीवरचा तो पिवळा दिवा मागे टाकतो आणि केबिनमधल्या पडद्यावर आपली जागा बघत मांडवीच्या मुखातून बाहेर पडतो.