ख्रिस्ती उपासना आणि दैनंदिन जीवन (नागपूर)

ख्रिस्ती उपासना आणि दैनंदिन जीवन : मंडळीने (चर्चच्या सभासदांच्या समुदायाने) एकत्र येऊन केलेल्या उपासनेचा भाविकाच्या कामधंद्यावर, पैशाच्या व्यवहारावर, नात्यागोत्यांवर आणि शेजारधर्मावर होणारा परिणाम. ख्रिस्ती धर्मविचारात हा उपासनेचा जोडपरिणाम मानलेला नाही. उपासना खरी आहे की नाही हे त्यावरूनच ओळखावे, असे बायबल सांगते. ही नोंद नागपूरच्या मराठीभाषक ख्रिस्ती मंडळ्यांना समोर ठेवून लिहिली आहे.

रविवारची उपासना म्हणजे तासा-दीड तासाचा मनाचा विसावा, ही समजूत बाहेरच्यांची असते तशी पुष्कळ ख्रिस्ती घरांतही असते. शास्त्राचा सूर मात्र कडक आहे. आमोस संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो की तुमच्या सणांचा मला वीट आला आहे, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून न्या. न्याय पाण्यासारखा वाहू द्या. येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले की वेदीपाशी दान घेऊन आलेल्याला तिथे आठवले, की भावाचे आपल्याविषयी मन दुखावलेले आहे, तर दान तिथेच ठेवून त्याने आधी समेट करून यावा. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात भाविकाचे सगळे शरीर, म्हणजे त्याचे सगळे जगणे, हाच यज्ञ ठरवला. याकोबाच्या पत्रात तर अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे ही शुद्ध भक्तीची खूण सांगितली आहे.

प्रारंभीचा पुरावा

या विषयावरचा फार जुना आणि फार बोलका पुरावा एका बिगरख्रिस्ती अधिकाऱ्याचा आहे. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनिया (आजच्या तुर्कस्तानातला भाग) प्रांताचा रोमन सुभेदार धाकटा प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारले की या ख्रिस्ती लोकांचे करायचे काय. चौकशीत त्याला कळले ते असे : हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र आळीपाळीने म्हणतात आणि शपथ घेतात. सुभेदाराला अर्थातच ही शपथ कटाची असेल असे वाटले. निघाले भलतेच. चोरी करणार नाही, दरोडा घालणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव मागितली तर नाकारणार नाही, अशी ती शपथ होती. याची खातरजमा करण्यासाठी त्याने मंडळीची सेवा करणाऱ्या दोन दासींचे हाल केले, आणि तरीही त्याच्या हाती गुन्हा लागला नाही. पहाटेचे स्तोत्र आणि दिवसभराचा सचोटीचा व्यवहार एकाच वाक्यात यावेत, ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेपेक्षा मोलाची आहे.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी रोममध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याने रविवारच्या उपासनेचा क्रम लिहून ठेवला : वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस, आणि शेवटी ऐपतीप्रमाणे वर्गणी. ती वर्गणी अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांच्यासाठी असे. आजच्या नागपुरातल्या कोणत्याही मराठी उपासनेचा सांगाडा याहून फारसा निराळा नाही.

नागपूरची पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. तेव्हा गादीवर भोसले होते. शाळा, उपदेश, गोंडांच्या भाषेचा व चालीरीतींचा अभ्यास आणि भूगर्भशास्त्र हे सगळे त्यांनी एकाच निष्ठेने केले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाकडून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ पासून चालू आहे. कॅथलिकांचा नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला आणि १९५३ मध्ये महाधर्मप्रांत झाला. सेंट फ्रान्सिस द सेल्स हे त्याचे कॅथेड्रल. सेमिनरी हिल्स हे नावच तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे पडले. भारतातील प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालयही याच शहरात, सिव्हिल लाइन्समध्ये आहे. मोहननगर, खलाशी लाइन, मेकोसाबाग या वस्त्यांत ख्रिस्ती घरे पूर्वीपासून आहेत.

पापांगीकार आणि प्रभुभोजन

उपासनेचा प्रत्येक भाग काहीतरी शिकवतो, पण सगळे भाग सारखे खोल जात नाहीत. माझ्या मते दोन भाग माणसाला धरून हलवतात : पापांगीकार, म्हणजे पापाची कबुली, आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीने मेजाशी भाकर व द्राक्षारस घेणे.

पापांगीकार सगळ्यांनी मिळून म्हणायचा असतो. विचाराने, शब्दाने, कृतीने केलेले पाप त्यात येते, आणि जे करायला हवे होते ते केले नाही तेही येते. मग थोडा वेळ कोणी काही बोलत नाही, पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो. त्या वेळात माणसाला मोठी तत्त्वे सुचत नाहीत. कामवाल्या बाईचा थकवलेला पगार आठवतो. सुनेला माहेरच्यांवरून मारलेला टोमणा आठवतो. ऑफिसात दुसऱ्याने केलेले काम आपल्या नावावर खपवले, ते आठवते. दर आठवड्याला ही उजळणी करणारा माणूस पापी राहत नाही असे नाही, पण आपली चूक कबूल करण्याची त्याच्या जिभेला सवय होते. ज्या घरात बाप मुलाला ‘माझं चुकलं रे’ म्हणू शकतो, तिथे बहुधा हे वाक्य आधी चर्चमध्ये म्हणून झालेले असते. क्षमेची घोषणा त्यानंतर लगेच होते, हेही महत्त्वाचे; नुसत्या अपराधी भावनेने कोणी सुधारत नाही, उलट चिडचिडा होतो.

प्रभुभोजनाची बाब याहून अवघड. अँग्लिकनांच्या (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्यांच्या) १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात स्पष्ट सूचना आहे की ज्यांच्यात वैर आहे त्यांना समेट होईपर्यंत पाळकाने (मंडळीच्या धर्मगुरूने) मेजाकडे येऊ देऊ नये. स्कॉटलंडच्या मंडळ्यांत प्रभुभोजनापूर्वी वडीलजन (मंडळीचे निवडलेले कारभारी) घरोघर भेटी देत आणि योग्य वाटेल त्याला धातूचे टोकन देत. टोकन असेल त्यालाच मेजाशी जागा. आता टोकने गेली, पण प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात पाळकसाहेबांनी एखाद्या घरी मुद्दाम चहाला जाणे संपलेले नाही. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून दोन भावांचे बोलणे बंद असते. दोघे एकाच चर्चमध्ये येतात, एक उजव्या बाकावर, एक डाव्या. शांतीचे अभिवादन करण्याची वेळ आली की आजूबाजूच्यांशी हस्तांदोलन करून दोघेही नजर चुकवतात. मग एखाद्या रविवारी धाकटा मधली वाट ओलांडून येतो, ‘दादा, शांती असो’ एवढेच म्हणतो आणि हात पुढे करतो. वाटणीचा प्रश्न त्याने मिटत नाही. वकील, सातबारा, तारखा सगळे तसेच राहते. पण त्या दिवसापासून बोलणे सुरू होते, आणि बोलणे सुरू झालेल्या भावांचा वाद कोर्टाबाहेर सुटण्याची आशा राहते.

या मेजाचे मोठे रूपही नागपूरने पाहिले आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरमधील ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, मेथडिस्ट, बाप्तिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स अशा सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. बिशप असावेत की नसावेत, बाप्तिस्मा बाळाला द्यावा की जाणत्याला, यावर पिढ्यान्‌पिढ्या वेगळे बसलेले लोक एका मेजाशी आले. नात्यांवर त्याचा सरळ परिणाम झाला : निरनिराळ्या मिशनांच्या घरांत सोयरीक जमवताना ‘ते आपल्या मंडळीतले नाहीत’ ही अडचण पुष्कळ कमी झाली.

घरसभा

आठवड्याच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी घरसभा असते. दाराबाहेर चपलांची रांग, आत पलंग भिंतीला सरकवलेला, सतरंजी, शेजारून आणलेल्या चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या म्हाताऱ्या माणसांसाठी. उन्हाळ्यात कूलरच्या आवाजावर गाणे चढवावे लागते. हार्मोनियम आणि ढोलक असेल तर उत्तम, नाहीतर टाळ्या. वाचन होते, कोणीतरी चार शब्द बोलते, आणि मग विचारले जाते, ‘कोणाच्या काही प्रार्थना-विनंत्या आहेत का?’

इथे खरे काम सुरू होते. दीर मेडिकलमध्ये (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) भरती आहे. भाचीची बाळंतपणाची तारीख जवळ आली आहे. मुलाची एमआयडीसीतली नोकरी गेली. नातवाची दहावी आहे. एक बाई वहीत नावे लिहून घेते आणि पुढच्या वेळी तीच वही उघडून विचारते की त्याचे काय झाले. ज्याचे नाव आपण देवापुढे मोठ्याने घेतले, तो उद्या चौकात दिसला तर न विचारता पुढे जाता येत नाही. म्हणून चहा-चिवडा झाल्यावर दारातच ठरते : मेडिकलला सकाळचा डबा कोण नेणार, रात्री कोण थांबणार, नोकरीबद्दल कोणाच्या कानावर घालायचे. मध्यस्थीच्या प्रार्थनेने माणूस बदलतो तो असा, दुसऱ्याच्या अडचणीत रीतसर गुंतून.

पदे आणि अभंग

मराठी ख्रिस्ती उपासनेचे सर्वांत टिकाऊ सामान म्हणजे तिची गीते. रेव्हरंड नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात राहत होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त नागपूरच्या दिवसांचे वर्णन आहे. टिळकांनी अभंग, ओवी, पद, कीर्तन हे घरचे घाट उपासनेत आणले आणि भाषांतरित गीतांवर भागवणाऱ्या मंडळीला स्वतःची वाणी मिळाली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली पदे आजही चर्चमध्ये नुसता क्रमांक पुकारून उघडली जातात.

याचा रोजच्या जगण्याशी संबंध असा, की उपदेश सोमवारपर्यंत विसरतो, चाल विसरत नाही. कणीक मळताना, रात्रपाळीहून परतताना, दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट पाहताना ओठांवर येते ते गीत. जिला कधी वाचता आले नाही अशा आजीलाही आठ-दहा गीते मुखोद्गत असतात आणि तिचा सगळा धर्मविचार त्यांत असतो. प्रार्थनेला स्वतःचे शब्द सुचत नाहीत अशा दुःखात हेच पाठ शब्द उपयोगी पडतात. मयताच्या घरी आणि जरीपटक्याच्या कब्रस्तानात ते ऐकू येतात.

काम

सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत मठाच्या कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्याला आज्ञा आहे की त्याने मठातली सगळी भांडीकुंडी आणि अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांइतकी जपावीत. नागपूरच्या ख्रिस्ती समाजात परिचारिका, शिक्षक आणि रेल्वेचे कर्मचारी बरेच; त्यांच्यासाठी हा विचार फार जवळचा आहे. सीताबर्डीचे म्यूर मेमोरियल रुग्णालय स्कॉटिश मिशनच्या याच भावनेतून उभे राहिले. रविवारी ड्यूटी लागलेली परिचारिका उपासना चुकली म्हणून हळहळते. पण रुग्णाची चादर बदलताना ती उपासनेच्या बाहेर आहे असे ख्रिस्ती परंपरा मानत नाही. १९६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील मिस्साला (प्रभुभोजनाच्या कॅथलिक विधीला) वाट करून दिली आणि कॅथलिक कामकऱ्यालाही वेदीवरचे शब्द स्वतःच्या भाषेत ऐकू येऊ लागले.

जिथे बदल अडतो

उपासनेने आपोआप काही होत नाही. करिंथच्या मंडळीत श्रीमंत लोक आधी येऊन पोटभर खात आणि कष्टकरी उशिरा येऊन उपाशी राहत. पौलाने त्यांना सुनावले की तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजनच नव्हे. आपल्याकडे हा प्रश्न जातीच्या रूपाने उभा आहे. विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज दलित होते. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशामुळे धर्मांतरित दलित ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, आणि मंडळीत मात्र लग्न जुळवताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते. एका मेजाशी गुडघे टेकून एकच भाकर घ्यायची आणि मुलीच्या लग्नात आडनाव शोधायचे, हे त्या भाकरीचा अपमान करणारे आहे. दलित ख्रिस्ती विचारवंतांनी हे सतत मांडले आहे आणि ते उपासनेच्या आतूनच मांडले आहे, हे विशेष.

दुसरी अडचण भावनेच्या भराची. मोठ्या सभेत डोळे भरून येतात, हात वर जातात, आणि घरी पोहोचेपर्यंत रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून खटका उडालेला असतो. भावना खोटी नसते. तिला उद्याचे एखादे काम जोडून दिलेले नसते, एवढेच. म्हणून जुन्या मंडळ्या वार्षिक सणांना कृती बांधून देतात. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत वाचवलेले पैसे वेगळे ठेवून दान करायचे असतात. कापणीच्या सणाला घरून आणलेला भोपळा, अंडी, संत्री यांचा चर्चच्या आवारात लिलाव होतो आणि एखादे साधे लिंबू हौसेने शंभरावर जाते. शेती नसलेल्या शहरी कुटुंबालाही ताटातले अन्न कुणाच्या तरी श्रमाचे आहे याची त्यामुळे आठवण राहते. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थनादिन असतो. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया त्याची उपासना लिहितात आणि निरनिराळ्या चर्चमधल्या स्त्रिया मिळून ती चालवतात. एरवी मागच्या बाकावर बसणारी बाई त्या दिवशी पहिल्यांदा माईकपुढे उभी राहून वाचते, आणि पुढे तीच आपल्या गल्लीतली घरसभा चालवू लागते.