च्युइंगगम, पादणं आणि कंट्रोल ग्रुप

पोटाचं मोठं ऑपरेशन झालं की राउंडवर आलेले डॉक्टर सगळ्यात आधी काय विचारतात? "गॅस पास झाला का?" पेशंट लाजतो, नातेवाईक हसू दाबतात, पण मोठ्या आतड्याच्या सर्जरीत त्या एका पादण्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. आता यावरच एक रील फिरतंय, की ऑपरेशननंतर च्युइंगगम चघळा, आतडी लगेच चालू होतात, आणि डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत. यातला शेवटचा भाग साफ खोटा आहे कारण डॉक्टरांनीच यावर ढिगाने ट्रायल्स केल्यात. पहिला भाग मात्र अर्धवट खरा आहे, आणि तो अर्धवट का, हे जास्त इंटरेस्टिंग आहे.

सुरुवात जपानमधून झाली. गुन्मा विद्यापीठातल्या सर्जन्सनी 2002 साली एक छोटी ट्रायल छापली. दुर्बिणीतून मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेले फक्त 19 पेशंट, त्यातल्या 10 जणांना दिवसातून तीनदा च्युइंगगम, बाकी 9 जणांना नाही (तुलनेसाठी ठेवलेला हा गट म्हणजे कंट्रोल ग्रुप). गमवाल्यांचा गॅस सरासरी 2.1 दिवसांत सरला, दुसऱ्यांचा 3.2 दिवसांत. इतकं स्वस्त औषध कुणाला नको असेल!

आता मुळात आतडी बंद का पडतात ते बघू, मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. बऱ्याच जणांना वाटतं भूल उतरली की आतडी आपोआप चालू होतात. तसं नाही. लहान आतडं काही तासांत हलायला लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठं आतडं सगळ्यात हट्टी, दोन-तीन दिवस घेतं. भूल तर कधीच उतरलेली असते. पहिले काही तास नसांच्या रिफ्लेक्सचे असतात, पोटाला चिरा बसला की शरीर आतड्यांना ब्रेक लावतं. पण खरी भानगड त्यानंतर सुरू होते. आतड्याच्या स्नायूंच्या थरात मॅक्रोफेज नावाच्या पेशी राहतात, एरवी शांत असतात, पण सर्जनने आतडं हातात घेऊन नुसतं हाताळलं तरी त्या खवळतात, रक्तातून पांढऱ्या पेशी बोलावून घेतात, आणि मग त्या सगळ्या मिळून नायट्रिक ऑक्साइड, प्रोस्टाग्लँडिन असली रसायनं सोडतात ज्यांच्यामुळे स्नायू आकुंचनच पावत नाहीत. त्यात भर म्हणजे सुजलेल्या तुकड्यातून निघालेले सिग्नल हात न लागलेल्या आतड्यालाही थांबवतात, म्हणजे एका डेपोत संप आणि सगळ्या राज्याची एसटी बंद. वर दुखू नये म्हणून मॉर्फिनसारखं औषध दिलेलं असतं, ते ज्याला चिकटून काम करतं ते रिसेप्टर आतड्यातही असतात, त्यामुळे ते अजून मंदावतं.

मग गम यात काय करतो? रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हने कुत्र्यांवर दाखवलं होतं की खाल्लेलं अन्न गळ्यातूनच बाहेर पडलं, पोटात पोचलंच नाही, तरी जठरात रस सुटतो. म्हणजे चघळणं हीच मेंदूसाठी जेवणाची वर्दी, आणि ती खाली जाते व्हेगस नर्व्हमधून, म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या नसेतून. व्हेगसच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, त्याने आतड्याची हालचाल तर वाढतेच, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की ते मॅक्रोफेजनाही थंड करतं. ते कसं, तर व्हेगसचे तंतू मॅक्रोफेजना थेट भिडत नाहीत, ते आतड्याच्या स्वतःच्या नर्व्ह पेशींना उठवतात, त्या ॲसिटिलकोलिन सोडतात, ते मॅक्रोफेजवरच्या निकोटिनिक रिसेप्टरला चिकटतं, आत जॅक2-स्टॅट3 ही साखळी चालू होते आणि सूज वाढवणारी सायटोकाइन्स कमी बनतात. (हे डोक्यावरून गेलं तर सोडून द्या, पुढचं कळायला त्याची गरज नाही.) आणि हो, "व्हेगस नर्व्ह रिसेट" करून देणारे जे कोर्स हल्ली विकले जातात त्यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही, नसेला रिसेटचं बटण नसतं. नाभीत हिंग भरून गॅस सोडवणाऱ्यांनाही तेच, नाभीतून आतड्यात जायला रस्ता नाही.

तर मेकॅनिझम इतका सुंदर की सगळे प्रेमात पडले. 2015 च्या कॉक्रेन रिव्ह्यूत (सगळ्या ट्रायल्स एकत्र करून घेतलेला आढावा) गमवरच्या तब्बल 81 ट्रायल्स, 9000 हून जास्त पेशंट. सरासरीत फायदा दिसत होता, पण बऱ्याच ट्रायल्स छोट्या आणि दर्जा बेताचा. शिवाय गमचा प्लासिबो, म्हणजे हुबेहूब पण खोटा गम, आणणार कुठून? चघळतोय की नाही हे पेशंटला कळतंच, नर्सलाही कळतं, आणि गॅस कधी सरला हे पेशंटच सांगणार. आपल्याला गम मिळालाय हे माहीत असलेला माणूस जास्त लक्ष ठेवून असणारच की.

मग नेदरलँड्समध्ये 12 हॉस्पिटल्सनी मिळून 2000 पेशंट घेतले, अर्ध्यांना गम, अर्ध्यांना नाही. 2018 साली रिझल्ट आला. हॉस्पिटलमधल्या मुक्कामात फरक नाही, कॉम्प्लिकेशन्समध्येही नाही.

म्हणजे जपानी लोक खोटं बोलले का? मला तसं वाटत नाही. माझ्या मते अशा ट्रायलमध्ये गम मिळालेल्यांपेक्षा न मिळालेल्यांकडे आधी बघावं, आणि बातमीत नेमकं तेच नसतं. जुन्या पद्धतीत नाकातून नळी, गॅस सरेपर्यंत तोंडाने काही नाही, दिवसेंदिवस पलंगावर. असा माणूस काहीतरी चघळायला लागला तर फरक पडायला वाव आहे. पण 1990 च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी हे सगळं उलटं करायला घेतलं, नळी नको, मॉर्फिन कमीत कमी, शक्य तितक्या लवकर चालवा आणि खायला द्या. ही पद्धत पुढे बऱ्याच ठिकाणी पसरली. आता जो पेशंट दुसऱ्याच दिवशी खरंखुरं जेवतोय त्याला जेवणाची खोटी वर्दी देऊन काय मिळणार? गम तोच आहे, कंट्रोल ग्रुप सुधारला.

म्हणून तुमच्या सर्जनने गम चालेल म्हटलं तर खुशाल चघळा, पण त्यांना न विचारता नको, काही पेशंटना खरंच काही दिवस तोंडाने काही द्यायचं नसतं.

सध्या लाइनीत कॉफी आहे. 2012 साली जर्मनीत 80 पेशंटवर ट्रायल झाली, कॉफीवाल्यांना पहिली शौच साधारण 60 तासांनी झाली, कोमट पाणीवाल्यांना 74 तासांनी, पण हॉस्पिटलमधला मुक्काम जवळपास तेवढाच. नंतर स्वित्झर्लंडमध्येही एक ट्रायल झाली, तिथे कंट्रोल ग्रुपला काय दिलं होतं माहितीये? चहा.