मातीचा हिशेब वेगळा, मॅटचा वेगळा

लाल मातीतल्या निकाली कुस्तीत गुण नसतात. प्रतिस्पर्ध्याला खाली घेतलं, त्याच्या पाठीवर ताबा मिळवला, रेटत आखाड्याच्या कडेपर्यंत नेलं, तरी त्याची पाठ मातीला लागेपर्यंत पदरात काही पडत नाही. मॅटवर तसं नसतं. तिथे खाली घेऊन ताबा मिळवला की २ गुण, रिंगणाबाहेर रेटलं की १ गुण, आणि सहा मिनिटांत ज्याचे गुण जास्त त्याची सरशी. कोल्हापूरच्या तालमींतली आजची पोरं दोन्हीकडे खेळतात. मेहनत तीच, डाव तेच. पण एकेरी पटाला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक पाय धरून त्याला पाडण्याच्या डावाला, हात घालावा की थांबावं, हे पाय मातीवर आहेत की मॅटवर यावर ठरतं.

हा निवाडा मेंदूत कुठे होतो? त्यात मोठा वाटा आहे तो कपाळाच्या हाडामागच्या भागाचा, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा. या भागाची ओळख बहुतेक वेळा ‘मोहाला लागणारा ब्रेक’ अशी करून दिली जाते. मला ही ओळख अपुरी वाटते, आणि थोडी घातकही. ब्रेकच म्हटलं, की व्यसन न सुटणारा माणूस ‘मनाचा कच्चा’ ठरवून आपण मोकळे होतो. प्रयोग मात्र दुसरंच सांगतात. मोह दाबणं हे या भागाच्या कामातलं एक झालं. त्याचं मोठं काम म्हणजे आपण आत्ता कुठे आहोत, इथे कुठला नियम चालतो आणि समोरच्या गोष्टीची या घडीला किंमत काय, याचं भान ठेवणं.

१९६३ साली मॉन्ट्रियलमध्ये ब्रेंडा मिल्नर यांनी काही रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत या रुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागाचा काही अंश काढावा लागला होता. त्यांच्यापुढे आकृत्या असलेले पत्ते ठेवले जात. ते रंगाने जुळवायचे, आकाराने की आकृत्यांच्या संख्येने, हे सांगायचं नाही. प्रत्येक पत्त्याला फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचं. लागोपाठ १० पत्ते बरोबर पडले की नियम न सांगता बदलायचा. साधा माणूस दोन-चार चुका करून नवा नियम हेरतो. हे रुग्ण जुन्याच नियमाला चिकटून राहिले. अशा रुग्णांपैकी काही जण ‘हे चुकतंय’ असं तोंडाने म्हणतात आणि तरीही पुढचा पत्ता जुन्याच ढिगावर ठेवतात. मला यातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं हेच वाटतं. समजलेलं असतं, पण ती समज हातापर्यंत पोहोचत नाही.

संदर्भ बदलला की आत नेमकं काय होतं, हे पाहायला बरीच वर्षं जावी लागली. २०१३ साली व्हॅलेरियो मांटे, विल्यम न्यूसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर रंगीत ठिपके हलत असत. एक छोटी खूण सांगे, या वेळी ठिपक्यांची दिशा बघ, किंवा या वेळी रंग बघ. उत्तर बरोबर आलं की घोटभर पेय मिळे. दृश्य तेच, पण खूण बदलली की उत्तर बदले. नको असलेली माहिती वाटेतच गाळली जात असेल, असं कुणालाही वाटेल. पण प्रीफ्रंटल भागातल्या चेतापेशींच्या नोंदींत रंग आणि दिशा दोन्ही दिसत होत्या, दोन्ही खुणांच्या वेळी. निवड तिथेच, त्या पेशींच्या जाळ्याच्या एकत्रित हालचालीत होत होती. मातीत उतरलेल्या पैलवानालाही प्रतिस्पर्ध्याचा मोकळा पाय दिसतोच; तो दिसूनही थांबणं, हे काम आतलं.

किंमतही अशीच ठरते. डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेल्या ऑर्बिटोफ्रंटल भागातल्या पेशी लिओन ट्रेम्बले आणि वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी तपासल्या; वर्ष १९९९. माकडांना मनुका सगळ्यात प्रिय, मग सफरचंद, मग धान्याचे दाणे. सफरचंद आणि दाणे यांची जोडी असली, की काही पेशी सफरचंदाला जोरात प्रतिसाद देत. मनुका आणि सफरचंद अशी जोडी आली, की त्याच पेशी त्याच सफरचंदाला थंड राहत. आणखी काय मिळू शकतं, हे पाहून ती किंमत ठरत होती.

पोट भरलं की काय होतं, हे जेवणाऱ्याला सांगायला नको. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारून झाला, की आणखी एक वाटी पुढे येताच आपण हात आडवा धरतो, आणि तरी गोडाला जागा असते. २००० साली जॉन ओ’डोहर्टी आणि सहकाऱ्यांनी लोकांना पोटभर केळी खायला घालून हेच स्कॅनरमध्ये पाहिलं. केळ्याच्या वासाला ऑर्बिटोफ्रंटल भागाचा प्रतिसाद घटला, व्हॅनिलाच्या वासाला तसा घटला नाही.

पण सवय जडली की ही ताजी किंमत विचारातच घेतली जात नाही. कळ दाबली की खाऊ मिळतो, हे उंदराला थोडं शिकवलं, तर पोट भरल्यावर तो कळ कमी दाबतो. तेच फार काळ घोटून घेतलं, तर भरल्या पोटीही दाबत राहतो. सायमन किलक्रॉस आणि एतियेन कुतूरो यांनी २००३ साली दाखवलं, की उंदराच्या प्रीफ्रंटल भागाचा एक पट्टा विचारपूर्वक वागण्यासाठी लागतो, आणि त्याच्या शेजारचा पट्टा निकामी केला तर भरपूर सरावानंतरही सवय ताबा घेत नाही. म्हणजे सवयीच्या हाती कारभार देण्यातही याच भागाचा वाटा आहे. नुसता ब्रेक असता, तर असं दिसलं नसतं.

इथे खाशाबा जाधवांची आठवण होते. राजाराम कॉलेजात शिकलेला हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला, कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. मॅटची सवय नव्हती. सहावा क्रमांक आला. १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या मेंदूत काय घडलं ते कुणी मोजलेलं नाही. पण मातीत मुरलेल्या मल्लाला मॅटचे नियम वाचून पुरत नाहीत, प्रत्येक डावाची किंमत अंगाने नव्याने शिकावी लागते, हे कुठलाही वस्ताद सांगेल. आणि नवं शिकल्याने जुनं पुसलं जात नाही.

व्यसनाच्या बाबतीत कळीची गोष्ट हीच आहे. मार्क बूटन यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून ती वर्षानुवर्षं तपासली. एका पेटीत उंदीर एखाद्या आवाजाचा खाऊशी संबंध शिकतो. मग वेगळ्या पेटीत तोच आवाज खाऊशिवाय वारंवार ऐकवला, की प्रतिसाद मावळतो. पहिल्या पेटीत परत ठेवलं, की पुन्हा उसळतो. मधल्या काळात जुनं मिटलेलं नव्हतं. ‘इथे खाऊ नाही’ हे नवं ज्ञान वर बसलं होतं, आणि ते त्या जागेला बांधलेलं होतं. जागेनुसार दोन्हींतलं कुठलं वापरायचं, हे ठरवण्यात प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पस (आठवणी आणि जागेचं भान सांभाळणारा मेंदूचा भाग) यांची साथ लागते.

मावा सोडलेला माणूस व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर शांत राहतो आणि घरी परतल्यावर नेहमीच्या टपरीसमोर चुना मळण्याचा वास आला की डगमगतो. घरचे म्हणतात, तिथे जमलं, मग इथे का नाही? कारण ‘नाही’ तो तिथे शिकला होता. त्यातच ताण आला किंवा झोप कमी पडली, की प्रीफ्रंटल भागाची पकड आणखी ढिली होते. त्याला कच्चा म्हणण्याआधी घरच्यांनी हे जाणून घ्यायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

उलट बाजूची नोंदही आहे. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स यांनी केला. तिथे सुमारे २० टक्के सैनिकांना हेरॉइनसारख्या पदार्थांचं व्यसन जडलं होतं. मायदेशी आल्यावर त्यांच्यातले सुमारे ५ टक्केच पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले, आणि तीन वर्षांत सुमारे १२ टक्के. हेरॉइन सहज न मिळणं, युद्धाची भीती संपणं, माणसं बदलणं, सगळंच यात आलं. पण ज्या जागी ओढ जडली ती जागाच मागे राहिली होती.

मावा सोडणाऱ्याची टपरी मात्र घराच्या वाटेवरच असते. म्हणून नकाराचा सराव केंद्राच्या भिंतींआड एकदाच करून भागत नाही. तो टपरीसमोर, लग्नाच्या मांडवात, रंकाळ्यावर मित्रांच्या घोळक्यात, जिथे जिथे हात खिशाकडे जात होता तिथे तिथे करावा लागतो. सुरुवातीला कुणीतरी सोबत असताना.