घोडीची वार 'आपोआप पडेल' म्हणून थांबू नका

गाईची वार (पोटात पिल्लाभोवती असणारं, व्यायल्यावर बाहेर पडणारं आवरण) दिवसभर लोंबली तरी सहसा आभाळ कोसळत नाही. त्यावरून घोडीचीही वाट बघावी, फार तर वारेला वजन बांधावं, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

घोडीची वार व्यायल्यानंतर बहुधा अर्ध्या ते तीन तासांत पडते. तीन तास उलटले की डॉक्टरांना बोलवायचंच, मग घोडी कितीही मजेत चरत असो. (ती तशीच चरताना दिसते, फसगत होते ती इथेच.) आत राहिलेला तुकडा कुजतो, गर्भाशयात जंतू वाढतात, त्यांचं विष रक्तात उतरतं आणि त्यातून खुरांची दाहक सूज, म्हणजे लॅमिनायटिस, होऊ शकते. गर्भाशय बरं झालं तरी घोडी कायमची लंगडी राहू शकते.

वजन बांधल्याने किंवा ओढल्याने वार फाटते, रक्तस्राव होतो, कधी गर्भाशयच उलटून बाहेर येतं. लोंबणारा भाग घोडीच्या पायाखाली येणार नाही इतका वर गाठ मारून ठेवा, एवढंच. गर्भाशय आकुंचन पावायला लावणारं ऑक्सिटोसिन किती आणि कितीदा द्यायचं हे डॉक्टर ठरवतील.

पडलेली वार फेकू नका, बादलीत झाकून ठेवा. जमिनीवर पसरली की इंग्रजी एफ अक्षरासारखी दिसते. शिंगरू बाहेर आलं ते एकच भोक असावं, दोन्ही शिंगांची, म्हणजे गर्भाशयाच्या दोन फाट्यांत बसणाऱ्या वारेच्या भागांची, टोकं शाबूत हवीत. गर्भ नसलेल्या, बारीक शिंगाचं टोक नीट बघा. बहुतेकदा तेच आत राहतं.